दुसऱ्या सालाचं चाक

आमच्या घरात दुरुस्तीचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही. मीच धरून बसलोय. मिक्सर मी उघडला तेव्हापासून तो छान फिरतो, फक्त वाटत नाही. ओसरीतला पंखा मी टांगला, म्हणून त्याच्याखाली पाहुण्यांना बसवत नाहीत. "ह्यांनी हात लावलेल्या वस्तूला आपण हात लावू न्हाई," असं बायको शेजारणींना सांगायची, आणि त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. यंदाच्या धोंड्याच्या महिन्यापासून तिनं हे सांगणं बंद केलंय. ती हसत होती तोवर बरं होतं.

झालं ते एका चाकापायी.

गाडी आमची जुनी. लेक बालवाडीत जायची तेव्हा घेतलेली. पुसेगावच्या एका शाळेत मी लिपिक आहे. आमचं खेडं तिथून फार लांब नाही, पण पायी जायचं म्हटलं की लांब वाटतं. लेकीला टाकीवर बसवून न्यायचो. टाकीवरून ती मागच्या सीटवर गेली, कॉलेजात गेल्यावर एक दिवस म्हणाली, "अप्पा, तुमी मागं व्हा," आणि मला मागं बसवून गावभर फिरवून आणलं. त्या गाडीचं दुखणंखुपणं तिला माझ्याआधी कळायचं. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता सांगायची, "अप्पा, चेन ढिली झालीय." मी अजून फाटकातून आत यायचा असायचो. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, वाशीमकडं दिली, आणि गाडीचं ऐकणारं घरात कुणी राहिलं नाही. मी तर फक्त चालवायचो.

उन्हाळ्याच्या तोंडी मागचं चाक डुगडुगायला लागलं. पुसेगावच्या मिस्त्रीनं गाडी उभ्या स्टँडवर घेतली, चाक दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि वैद्यासारखं तोंड केलं.

"चाकाच्या मधला हब गेला, गुरुजी." मी लिपिक असूनही लोक मला गुरुजी म्हणतात, आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. तेवढी एक दुरुस्ती माझ्याच्यानं होत नाही. "ह्या सालाचं चाक आता निघून न्हाई राहिलं. हिंगोलीत जुन्या मालात भेटलं तर बघा."

मी लगेच हललो नसतो, पण धोंड्याचा महिना लागला होता. हा जास्तीचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि आमच्याकडे तो जावयाचा असतो. लेक-जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे वर तूप सोडून वाढायचे, ताटात अनारसे घालून त्याच्या हाती वाण द्यायचं, कपडे करायचे. त्या दिवशी जावई म्हणजे देवच. आमच्या लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. दारात देव येणार आणि दारातली गाडी एका पायानं लंगडी, हे मला काही बघवेना.

हिंगोलीत जुने भाग विकणाऱ्यांच्या दुकानांतून हिंडलो. शेवटच्या दुकानात छताला टांगलेल्या सायलेन्सरांच्या गर्दीतून वाट काढत एक माझ्याच वयाचा माणूस बाहेर आला. मी त्याला गाडीचं नाव सांगितलं. त्यानं आतून एक चाक काढून माझ्यासमोर गडगडत सोडलं.

"गाडी वहीच है भाईसाब. साल आगे का है, बस."

"बराबर बसंल का पण?"

"बैठने को क्या हुआ? गोलच है ना."

मला ते पटलं. चाक होतंही देखणं. तारा चकचकीत, टायरवर अजून बारीक केस. ब्रेकचं झाकणही त्याच्यासकट. आमच्या चाकाशेजारी ठेवलं असतं तर आमचं चाक त्याचे वडील वाटले असते. एस्टीत मी ते मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, बाकीची गाडी मागून येऊन राहिली का?" सगळी गाडी हसली. मीही हसलो, पण चाक काही खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो तर दुकानाला कुलूप. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं, तो सासरी गेलाय धोंडे खायला. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मिस्त्रीसुद्धा कुणाचा तरी जावई असतो.

लेक-जावई उद्या सकाळी येणार. मी चाक घेऊन घरी आलो आणि पाने काढले.

बायको अनारशाचं पीठ मळायला बसली होती. तिला उठवून गाडीच्या मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याखाली विटा सरकवायला लावल्या. जुनं चाक निघालं, नवं चाक आत गेलं, आणि मी "बघ!" म्हणणार तेवढ्यात एका बाजूला बोटभर फट दिसली. नवं चाक अंगानं बारीक होतं. गाडीचं नाव एकच, पण मधल्या वर्षांत कुणीतरी त्याचं माप बदललं होतं. मी डब्यातले सगळे वायसर ओतले आणि त्या फटीत एकावर एक भरले. फट बुजली.

"आता झालं का?" बायकोनं विचारलं.

झालं नव्हतं. मागच्या ब्रेकच्या झाकणाला एक लोखंडी पट्टी असते. तिचं एक टोक झाकणाला, दुसरं गाडीच्या चिमट्याला. आपण ब्रेक दाबला की फिरत्या चाकाबरोबर झाकणही फिरायला बघतं, आणि ही पट्टी त्याला धरून ठेवते. पट्टी सुटली तर झाकण फिरतं, ब्रेकचा दांडा आपोआप ओढला जातो, आणि चाक जागच्या जागी आवळतं. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. आमची जुनी पट्टी नव्या झाकणाच्या भोकापर्यंत पोचत नव्हती. फार नाही, अंगठ्याएवढी कमी पडत होती.

लेथवाल्याकडून लांब पट्टी करून आणायला हवी होती. पण संध्याकाळ होत आली होती, आणि घरची पाहुण्यांची तयारी माझ्यावाचून अडलीय असं मला उगीच वाटत होतं. मी कुंपणाची तार घेतली, दुहेरी केली, पट्टीच्या भोकातून आणि झाकणाच्या भोकातून ओवली, पकडीनं करकचून पिळली.

"ही तार कशाला?" बायको म्हणाली.

"शोभेला."

ती पिठाच्या हातानं आत गेली. मी गाडी मारुतीच्या देवळापर्यंत नेली आणि परत आणली. दोनदा ब्रेक लावला, हळूच, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. गाडी थांबली. खालून चेन कुठंतरी घासत होती, कुर्रकुर्र असा आवाज येत होता. नवीन आहे, रुळंल, असं मी स्वतःला सांगितलं. दोन दिवस गाडी नुसती दारात उभी राहणार होती. सोमवारी लेथवाल्याकडे जाऊ. असा हिशोब करून मी तिला पाण्यानं धुतली आणि रात्री शांत झोपलो, हे मला आज सांगतानाही नवल वाटतं.

सकाळच्या एस्टीनं दोघं आली. बायकोनं पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. जावई आमचा कमी बोलणारा. वाशीमजवळ एका बियाण्याच्या दुकानात कामाला आहे; दिवसभर लोकांचं ऐकून घेतो म्हणून घरी बोलायचं शिल्लक राहत नसावं. चहा झाला. त्यानं कप अलगद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, कनेरगाव नाक्यावर माही मावशी राह्यते. इतल्या जवळ येऊन भेटलो नाही त राग येईन तिले. जेवाच्या आत येतो आम्ही. गाडी नेऊ का?"

मी तोंड उघडलं.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "न्या की! त्यात काय इचारायचं? तुमचीच हाय ती."

आता सांगा, यावर सासऱ्यानं काय म्हणावं? देव दारात आलाय, पहिल्यांदा काहीतरी मागतोय, आणि आपण म्हणायचं, गाडी चालण्यासारखी नाही, कालच मी तारेनं बांधलीय? म्हणायला हवं होतं. जिभेच्या टोकावरही होतं. पण कालपासून मी त्या चाकाचं कौतुक सगळ्या गल्लीला सांगून चुकलो होतो, आणि तासाभरापूर्वी जावयालाही.

तो गाडीकडे गेला. मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून त्यानं टायर दाबून हवा बघितली. हवा बघायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ बसला. उठला, हात झटकले, माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. आभाळात काहीच नव्हतं, नुसतं ऊन.

लेक डोक्याला रुमाल बांधत बाहेर आली. तिनं चाक बघितलं. "अप्पा, हे कधी बसवलं? कुणी?"

"कालच. मीच."

"तुमी?" ती हसली. मग हसू मागं घेऊन नीट विचारलं. तिच्या लहानपणी पेपर अवघड आहे का म्हणून विचारायची, तशी. "अप्पा, गाडी ठीक हाय ना?"

"एकदम फसकलास!" मी म्हणालो.

ती मागं बसली. गाडी सुरू झाली. तिचा हात नवऱ्याच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्या हातात मावशीसाठी अनारशांची पिशवी. गाडी कोपऱ्याशी गेली तशी ती कुर्रकुर्र मला ऐकू आली. लेकीनं मान वळवून खाली चाकाकडे बघितलं. म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. मी दोन पावलं पुढं झालो, हात वर केला, "ए—" एवढंच तोंडातून निघालं, आणि मागून एक हात येऊन माझ्या तोंडावर बसला. पुरणाचा हात. ओठांना गोड लागलं.

"मागून हाक मारू नका!" बायको कानात म्हणाली. "कळतं का तुमाला? शुभाला निघाले लेकरं."

आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. काही विसरलं असलं तरी नाही. धावत जाऊन पुढून गाठावं, पण हाक नाही. माझी आई मारायची नाही, बायको मारत नाही, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही बरं वाटलं. हाक मारायची नाही, म्हणजे सांगायचंही नाही. कोपऱ्यावर धूळ उठली, खाली बसली.

मी तोंड पुसलं. "अगं, ती तार..."

"कोणती तार?"

मी सांगितलं. पट्टी, झाकण, जोरात ब्रेक मारला तर काय होतं, सगळं. सांगताना आवाज लिपिकासारखा सरळ होता. ती ऐकत होती आणि तिच्या हातातलं पुरण वाळत होतं.

"ती शोभेची तार?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मला कुठंतरी बरं वाटलं असतं. ती आत गेली, गॅस बंद केला, पुरणावर ताट झाकलं, हात धुतले आणि बाहेर आली. "फोन लावा."

जावयाचा नंबर मी लावला. एक घंटी गेली आणि माझ्याच मनात आलं, खिशात फोन वाजला तर हा काय करील? गाडी बाजूला घेईल. बाजूला घेताना काय करील? ब्रेक दाबील. मी चटकन फोन कापला. एका घंटीनं काही होत नाही, असं म्हणत उभा राहिलो. बायकोनं माझ्या हातातून फोन ओढून लेकीला लावला. ओसरीतल्या कोनाड्यात, चार्जिंगला लावलेला लेकीचा फोन वाजायला लागला.

शेजाऱ्याची तीनचाकी मालगाडी आहे. तिच्यात तो कधी हळदीची पोती वाहतो, कधी शेळ्या. तो दाढी करत होता. बायको त्याला म्हणाली, "भाऊजी, कनेरगावच्या रस्त्याला चला बरं जरा. जावईबापू पाकीट इसरून गेले."

का म्हणाली असं? मी नंतर विचारलं नाही. मला माहीत होतं. तार बांधली हे गावात कळू नये म्हणून. माझीच अब्रू सांभाळत होती ती, आणि मी तिला सांभाळू दिली.

बायको पुढं बसली. मी मागं, शेळ्यांच्या जागेवर. वास माझ्यापेक्षा शेळ्यांचा जास्त होता, ही त्या दिवसातली एकच समाधानाची गोष्ट. पण पाकिटासाठी माणूस गाडी कशी चालवतो? आरामात. शेजारी पान खाऊन निघाला. गावाबाहेर एका ओळखीच्याला बघून थांबला, त्याच्या सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी केली. "पाकीट काय पळून जाणार हाय का वहिनी," तो म्हणत होता. "जावई मावशीकडंच असणार. तिथं त्याला पैसे कोण मागतंय?"

मागच्या जाळीतून मला बायकोचं डोकं दिसत होतं. ते हलतसुद्धा नव्हतं.

आमच्या खेड्यापाड्यांतून जाणारा हा रस्ता बारीक आहे. रस्त्यावर माणसं कमी, खड्डे जास्त. इथं कुणी गाडी पळवत नाही. पण पुढं तो हिंगोली-वाशीम मोठ्या रस्त्याला लागतो आणि तिथं ट्रक असतात. माझं सगळं लक्ष त्या वळणावर लागलं होतं. वळणाच्या अलीकडे सापडले तर सापडले. मी रस्त्याकडे बघत होतो. प्रत्येक लांबच्या मोटारसायकलीवर दोघं दिसली की मी उठून उभा राहायचो, आणि ती दुसरी कुणी निघाली की पुन्हा खाली बसायचो. रस्त्यावर कुठं घसरल्याची काळी रेघ दिसते का तेही बघत होतो. किती रेघा असतात एका रस्त्यावर! एवढ्या वर्षांत मला एकही दिसली नव्हती.

शेजारी पुन्हा थांबला. ह्या वेळेला पिंक टाकायला.

आणि मी जाळीला दोन्ही हातांनी धरून ओरडलो, "अरे चल की बाबा! पाकीट न्हाई विसरलं! मी चाक चुकीचं बसवलंय! ब्रेक तारेनं बांधलाय मी! लेकरू बसलंय त्याच्यावर!"

त्यानं मागं बघितलं. तोंडातलं पान तसंच. मग गाडी अशी काढली की मी शेळ्यांच्या पेंढ्यात बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या दुरुस्तीबद्दल खरं बोललो होतो, आणि त्याचा गाडीच्या वेगाला लगेच उपयोग झाला.

मोठ्या रस्त्याच्या अलीकडे एक वस्ती आहे. तिथं शाळेसमोर गतिरोधक टाकलाय, पट्टे न मारलेला, उन्हात दिसत नाही असा. त्याच्या पुढं आमची गाडी स्टँडवर उभी होती. हँडल थोडं वाकडं. जावई मागच्या चाकाशी बसला होता. लेक जरा लांब, बाभळीच्या अपुऱ्या सावलीत. दोघंही उभी-बसलेली, चालतीबोलती. उतरताना मी घसरलो आणि पडलो. शेजाऱ्यानं मला उचललं. माझ्या लेकीचं विचारायला आलेलो मी, माझीच विचारपूस आधी झाली.

लेकीची साडी एका अंगानं धुळीनं भरलेली आणि गुडघ्याशी फाटलेली. कोपर सोललेलं, त्यावर रुमाल. अनारसे रस्त्यावर विखुरले होते, त्यातले काही चाकाखाली चिरडलेले. आमच्या गाडीचं चाक एवढं रुंद नाही.

"टिप्पर व्हता," ती आईला म्हणाली. "मुरमाचा. मागून येऊन राहिला व्हता. आम्ही पडलो अन तो थांबला. पिशवीवर थांबला." मग थोड्या वेळानं, "शिव्या देऊन गेला."

बायकोनं तिचं कोपर हातात घेतलं आणि त्यावर फुंकर घालत राहिली. जखम फुंकण्यासारखी राहिली नव्हती, तरी.

जावई उठून उभा राहिला. उजवा हात त्यानं पाठीमागं घेतला. "मामा, तुम्ही काऊन आले उन्हाचे? काही नाही झालं. जरासा ब्रेक धरला."

चाकाशी बघितलं. तार तुटली होती. झाकण पार फिरून गेलं होतं, ब्रेकचा दांडा वाकला होता, आणि चाक असं आवळलं होतं की ढकललं तरी हलत नव्हतं.

"जावईबापू," मी म्हणालो, "ती तार मी बांधली व्हती. मी सांगायला पायजे व्हतं."

"दिसली होती मले, मामा."

"काय?"

"सकाळी. हवा पाह्यताना." त्यानं खाली बघितलं. "तुम्ही एवढ्या हौसेनं बसवलं होतं. मी म्हनलं, मागचा ब्रेक धराचाच नाही. समोरच्यावरच आनली एवढ्या दूर. पण ह्या गतिरोधकावर पाय आपोआप गेला."

तो हे असं सांगत होता की जणू चूक त्याच्या पायाची होती. मला त्याचा हात दिसला. तळवा पूर्ण सोलला होता. असा भला माणूस मला जावई म्हणून मिळाला, असं मनात आलं, आणि ते मनात येत असतानाच लेक आमच्याकडे चालत आली.

"तुमाला म्हाईत व्हतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

त्यानं सोललेला हात पुन्हा पाठीमागं घेतला.

"मी तुमाला दोनदा म्हणलं, आवाज येऊन राहिला, थांबा. तुमी म्हणले, नवीन चाक हाय, तसंच असतं." मग माझ्याकडे वळली. "अन अप्पा, मी इचारलं व्हतं तुमाला."

"व्हय."

"ह्यांच्यासमोर इचारलं व्हतं. अन तुमी फसकलास म्हणले."

"व्हय."

"तुमी ह्यांचा मान ठेवला. ह्यांनी तुमचा मान ठेवला." तिचा आवाज चढला नव्हता. "मागं मी बसले व्हते."

शेजाऱ्यानं गाडी मालगाडीत चढवायला हात लावला. चाक फिरत नव्हतं म्हणून ती ओढून चढवावी लागली, आडलेल्या जनावरासारखी. मी ढकलत होतो, जावई एका हातानं ओढत होता. लेक बाजूला उभी राहून बघत होती. एरवी ती सगळ्यात आधी पुढं झाली असती.

मावशीकडे जाणं राहिलं. परत येऊन डॉक्टरांकडून मलमपट्टी करून घेतली. जावयाच्या उजव्या हाताला पांढरं फडकं, म्हणून त्याला धोंडा फोडता येईना. बायकोनं स्वतः फोडला, आत तूप सोडलं, आणि चमचा दिला. वाण दिलं, कपडे दिले, ओवाळलं. सगळं रीतीप्रमाणे झालं. लेक वाढत होती. माझ्या ताटात तिनं दोन धोंडे वाढले; मला दोन आवडतात हे तिला माहीत आहे. वाढताना माझ्याकडे बघितलं मात्र नाही. धोंडे ताटात तसेच होते. मागल्या दारी गाडी उभी होती. मी सारखा तिकडे बघत होतो, आणि बायको माझ्याकडे.

"खा," ती म्हणाली. "ते तुमच्यासाठी न्हाई केलेलं. पण खा."

मिस्त्री सासरहून आल्यावर त्यानं गाडी बघितली. तार हातात घेऊन त्यानं उलटसुलट बघितली आणि खाली ठेवली. माझ्या गुरुजीपणाचा मान त्यानंही ठेवला बहुतेक. आता मला तो मान नको झालाय. लेथवाल्याकडून पट्टी करून आणली, वायसरांच्या जागी मापानं घडवलेली लोखंडी नळी, तिला बुश म्हणतात, ती बसवली. चाक आता बसलंय. पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक-जावई परत जायला निघाले, तेव्हा गाडी मागल्या दारीच पडून होती. दोघं फाट्यापर्यंत चालत जाणार होती एस्टी धरायला.

जावई पाया पडला. लेक पाया पडली. वाकताना तिच्या कोपरावरची पट्टी माझ्या पायाला घासली. "येते अप्पा," म्हणाली. तेवढंच. एरवी ती निघताना गाडीच्या टाकीवर थाप मारून जायची. त्या दिवशी ती मागल्या दाराकडे गेलीच नाही.

दोघं चालायला लागली. पुढं तो, एका हातात पिशवी. मागं ती. कोपऱ्यापर्यंत पोचली, जिथून पुढं घरातून माणूस दिसत नाही. मला काय झालं कोण जाणे. मी ओट्यावरून उतरलो आणि मोठ्यानं हाक मारली. तिच्या लहानपणीच्या नावानं. पूर्ण गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं.

माझ्या शेजारी बायकोचा हात वर आला. माझ्या तोंडापर्यंत आला आणि तिथंच थांबला. मग तिनं तो पदराला पुसत खाली घेतला.

लेक थांबली. वळली. जावईही थांबला.

"काय अप्पा?"

मला सांगायचं काहीच नव्हतं. विसरलेलं काही नव्हतं, पाकीट होतं, फोन होता. मी नुसता हात हलवला. "काही न्हाई. हाक मारून बघितली."

ती तिथं उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही. पण लगेच वळलीही नाही. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला आधी मारा," आणि कोपऱ्याआड गेली.